सुरू झालेली गाडी आणि कारणाचे ज्ञान

कृती फळाला आली म्हणजे तिच्यामागची समजूत खरी ठरते का, हा न्यायदर्शनातला जुना प्रश्न आहे. न्यायसूत्रांवरील भाष्याच्या आरंभीच वात्स्यायनाने प्रवृत्तिसामर्थ्याचा, म्हणजे ज्ञानावर विसंबून केलेल्या कृतीला यश येण्याचा, आधार घेतला आहे. पाणी समजून पुढे गेलेल्याची तहान भागली, तर ते मृगजळ नव्हते हे ठरते. पाण्यापुरते हे निःसंशय पटते. मात्र आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, म्हणजे 2005 पासूनच्या फोर्स मोटर्सची, एखादी जुनी डिझेल मॅटाडोर चिंचवडमध्ये घराच्या दारात दुरुस्त होत असते, तेव्हा हा निकष काळजीपूर्वक वापरावा लागतो.

रात्रभर उभ्या राहिलेल्या अशा गाडीचा स्टार्टर सकाळी जोमाने फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते पण पेटत नाही, आणि संशय हीटर प्लगवर किंवा कॉम्प्रेशनवर जातो. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, असे अनुमान निघते. मग मालक डिझेल फिल्टर बदलतो, हँडपंप मारून एअर काढतो आणि गाडी सुरू होते. फिल्टर चोंदला होता असे तो मानतो, आणि दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा अडते.

नैयायिकांच्या मते कार्यापूर्वी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसणारे तेच कारण होय. अन्यथासिद्ध म्हणजे कार्यापूर्वी हजर असूनही ज्याच्यावाचून कार्य अडत नाही ते. घड्यासाठी माती वाहून आणणारे गाढव हे त्याचे परंपरागत उदाहरण. नवा फिल्टर असाच अन्यथासिद्ध होता, कारण गाडी सुरू झाली ती तो बसवताना ओघाने काढलेल्या एअरमुळे. दोष होता टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या नळीत. तिथे पंप डिझेल ओढून घेत असल्याने आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे कडक झालेल्या रबराच्या चिरेतून डिझेल ठिबकण्याऐवजी हवा आत शिरते आणि जमीन कोरडीच राहते. मालकाच्या यशाने ‘एअर काढायला हवी’ एवढीच समजूत सिद्ध झाली. फिल्टरविषयीची समजूत तिच्या आडून विनापुरावा मान्य झाली.

यावर उपाय अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे एक असता दुसरे असणे आणि एक नसता दुसरे नसणे, हे दोन्ही तपासण्याचा. जुना फिल्टर परत बसवून फक्त एअर काढली आणि तरी गाडी सुरू झाली, तर फिल्टर दोषमुक्त ठरतो; टाकीची नळी सोडवून नव्या नळीने कॅनमधले डिझेल पंपाला दिले आणि सकाळी गाडी विनासायास सुरू झाली, तर संशय जुन्या नळीवर स्थिरावतो. हा कॅन टाकीच्याच पातळीवर ठेवावा लागतो, कारण तो टपावर ठेवला तर डिझेल आपल्या भाराने खाली येते आणि पंपाचा दोषही झाकला जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची ही शिस्त वेळखाऊ आहे, पण बौद्धिक प्रामाणिकपणाचा इतका शुद्ध अभ्यास क्वचितच घडतो.

चाकणच्या कारखान्यांतून आज बाहेर पडणाऱ्या गाड्यांना स्कॅनर जोडला की दोषाचा क्रमांक मिळतो आणि तो आप्तवाक्यासारखा, म्हणजे विश्वसनीय जाणकाराच्या शब्दासारखा, स्वीकारला जातो. तो क्रमांक सेन्सरला काय जाणवले ते सांगतो. इंधनाचा दाब पंपामुळे उतरला की नळीमुळे, हे मात्र तिथेही माणसालाच शोधावे लागते.