वाटेचे तास कोणाचे?

मनुष्याच्या दारिद्र्याचा विचार करितांना आपण त्याचें घर, अन्न व वेतन हीं पाहतों. परंतु घर आणि काम यांमधील वाट किती लांब आहे हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. 2011 च्या जनगणनेंत शेती व घरगुती उद्योग यांवेगळीं कामें करणाऱ्यांस, कामावर कसे जातां, हें विचारलें होतें. तेव्हां पांचांतील एकाहून अधिक जण पायीं जातात असें दिसलें. काम जवळ असेल तर चालणें सुखाचें; परंतु ज्याच्यापाशीं गाडीभाडें नाहीं, त्याला पाय नेतील तेवढेंच जग असतें.

मुंबईचें उदाहरण घ्या. कोकणांतून व घाटावरून गेलेले गिरणीकामगार गिरणगांवांतील अंधाऱ्या, दाटीच्या खोल्यांत राहत. पण गिरणी हाकेच्या अंतरावर होती. 18 जानेवारी 1982 रोजीं संप सुरू झाला. पुढें गिरण्या बंद पडल्या व त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. 2024 सालीं सरकारनें कामगारांस व त्यांच्या वारसांस शेलू व वांगणी येथें घरें देण्याचें ठरविलें. हीं ठिकाणें बदलापुराच्याही पलीकडे आहेत, आणि बदलापूरच मुंबईच्या मुख्य स्थानकापासून 68 किलोमीटर आहे. घरें मुंबईंतच द्या, असें पुष्कळांनीं म्हटलें.

कोणी म्हणेल, "मुंबईंत जागा महाग, डोक्यावर छप्पर मिळतें हें थोडें काय?" थोडें नव्हे. परंतु मालक आठ तासांचें वेतन देतो. वाटेच्या तासांचें कोण देतो? ते आईच्या झोपेंतून व लेकरांच्या सहवासांतून वजा होतात. कधीं प्राणही द्यावा लागतो: 9 जून 2025 रोजीं मुंब्र्याजवळ दाटलेल्या लोकल गाड्यांतून पडून कित्येक प्रवासी मृत्यु पावले. म्हणून जो घराचें क्षेत्रफळ मोजतो, त्यानें वाटही मोजावी. आणि दूर घर दिलें तर जवळ काम, नाहींतर पुरेशा गाड्या द्याव्या. तोंवर त्याचें देणें पुरें फिटलें नाहीं.

वाचकहो, ज्यांच्या पूर्वजांस गांवकुसाबाहेर राहावें लागलें, त्यांस हें समजावून सांगणें नको. पाणवठा दूर, शाळा दूर, चावडी दूर. आणि उशीर झाला कीं आळशी म्हणून दोष त्यांचाच. अंतर हें केवळ भूमीचें नसतें. तें कोणी तरी कोणावर लादलेलें असतें. दूरच्या वस्तीवरून मजूरबाई उन्हांतून चालत शेतावर येते, तेव्हां उशिराबद्दल बोल लावण्यापूर्वीं ती किती चालून आली हें आपण तिला विचारावें. न्यायाचा आरंभ एवढ्या लहान प्रश्नांतही होऊं शकतो.