पेटीतला उंदीर कोणाच्या खात्यावर?

घरी साप पाळणारे तरुण आता आपल्या ओळखीतही भेटू लागले आहेत. त्यांच्याकडे बहुधा बॉल पायथन असतो, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बिनविषारी, शांत स्वभावाचा छोटा अजगर. आपल्याकडचा नाग, धामण किंवा अजगर घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातीची नोंदणी करावी लागते. त्यासाठी 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2024 मध्ये नियम आले. कायद्याचे एवढे पाहिले तरी एक प्रश्न उरतोच, आणि शाकाहारी घरातल्या मुलामुलींना तो अधिक टोचतो. याला खायला काय द्यायचे? सापळ्यात सापडलेला उंदीर नाहीतरी मारलाच जाणार असतो, मग तो सापाला दिला तर काय बिघडले?

प्रिय वाचक, आधी सापाची बाजू पाहू. साप पूर्णपणे मांसाहारी आहे. दूध, पनीर, भाजी यांवर तो जगू शकत नाही. नागपंचमीला वाटीतले दूध पिताना दिसणारा नाग भक्तीने पीत नसतो. गारुड्याने त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. आपले व्रत सापावर लादले, तर आपण त्याला उपाशी मारू. उंदीर खाण्यात सापाचा कोणताही दोष नाही.

मग दोष कोणाचा? शेतातल्या उंदराला बीळ असते, पाय असतात, अंधार असतो, आणि सापाचा नेम चुकतोही. काचेच्या पेटीत यांपैकी काहीच नाही. झाकण आपण लावतो. जीव जिवावर जगतो हे खरे. पण हे वाक्य म्हणून आपण निसर्गाच्या पाठीमागे लपतो, तेव्हा झाकणावरचा हात मात्र आपलाच असतो.

शिबी राजाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. कबुतराला वाचवले एवढेच आपल्या लक्षात राहते. पण ससाण्याने राजाला विचारले होते, की माझ्या भुकेचे काय? राजाने ती भूक खोटी ठरवली नाही. ती मान्य केली आणि तिचे मोल तिसऱ्याच जिवाच्या गळ्यात न बांधता स्वतःच्या अंगावर घेतले. आपण कोणी मांडीचे मांस कापून देणार नाही, हे उघड आहे. पण मोल कोण चुकवतो आहे, एवढे तरी आपण पाहू शकतो.

मी वाणिज्य शाखेत शिकते, म्हणून ‘फुकट’ हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते. सापळ्यातला उंदीर फुकट वाटतो. शहरातल्या उंदराने कुठले विष खाल्ले असेल, हे कळत नाही. ब्रोमाडायलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस हिंडत राहतो, सुस्तावतो आणि नेमका सहज हाती लागतो. ते विष पुढे सापाच्या पोटात जाते. गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण विष तसेच राहते आणि अनेक जिवाणूही टिकतात. चिकट पट्टीवर अडकलेल्या उंदराच्या केसांत गोंद असतो. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस माणसाला होतो, हे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आणि जिवंत उंदीर पेटीत सोडला व सापाला भूक नसली, तर घाबरलेला उंदीरच त्याला चावतो. सापाला खोल जखमा होतात.

म्हणून जाणते पाळणारे खाद्यासाठीच वाढवलेले, वेदना कमीत कमी होईल अशा रीतीने मारून गोठवलेले उंदीर वापरतात. ते रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू देतात, नंतर पिशवीत बांधून कोमट पाण्यात ठेवतात आणि लांब चिमट्याने पुढे धरतात. मायक्रोवेव्ह वापरत नाहीत. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे भक्ष्य उबदार असले की तो बहुधा ते घेतो. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, फार मोठी नको.

यात हिंसा संपली का? नाही. फक्त कोंडलेल्या जिवाची भीती कमी झाली. गोठवलेला उंदीरही जीवच होता. (घरातल्या मांजराच्या खाद्याच्या पुड्यातही कोणाचा तरी जीव असतो, तिथे तो दिसत नाही, एवढेच.) ज्यांनी अजून साप आणलेला नाही, त्यांनी एक साधा गुणाकार करावा. मोठ्या सापाला दोन आठवड्यांनी एक उंदीर धरला तर वर्षाला 26 होतात. हा अजगर नीट सांभाळला तर वीस वर्षे सहज जगतो. म्हणजे 520 जीव, आणि ते सापाची गरज म्हणून कमी, आपल्याला तो जवळ हवासा वाटला म्हणून अधिक. मला हा आकडा आवडीपेक्षा जड वाटतो. तुमचे उत्तर वेगळे असू शकेल, पण गुणाकार आधी करा.

ज्यांच्याकडे साप आधीच आहे, त्यांना मागे फिरता येत नाही. त्याला रानात सोडणे ही दया नव्हे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरले आणि तिथले कितीतरी सस्तन प्राणी जवळजवळ दिसेनासे झाले. त्याला शेवटपर्यंत सांभाळायचे आणि त्याचे खाणे चुकवायचे नाही, हेच आता आपले कर्तव्य आहे.

एक गोष्ट मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य बनवणे हा अपराध सांगितला आहे. जिवंत उंदीर पेटीत सोडून त्याची रील बनवणारे हे कलम वाचतील तर बरे. मित्रांना ‘बघायला’ बोलावू नका. खाद्य देण्याच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, सापाने गिळेपर्यंत शांत बसा, आणि पुढचे दोन दिवस त्याला हाताळू नका.