मनापासून हातभर दूर

'आत डोकवा' हा सल्ला आजकाल फार स्वस्त झाला आहे. आत डोकावून नेमकं करायचं काय, ते मात्र कुणी सांगत नाही. रात्री दीड वाजता फिरत्या पंख्याकडे बघत 'माझंच असं का?' हा प्रश्न घोळवणारा माणूसही आत डोकावतच असतो की! त्याला काही बरं वाटत नाही. उलट पहाटेपर्यंत तो स्वतःविरुद्ध चार नवे पुरावे गोळा करतो.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. योगायोग असा, की त्याआधी दोनच आठवडे सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून काही प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, असा त्यांचा रोख होता. भूकंपानंतर त्यांनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं. दुःख उगाळत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, ती मुलं सात आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा अधिक खचलेली आढळली. मुळात कोण किती उदास होतं, हे हिशेबात घेऊनही फरक उरला. म्हणजे स्वतःकडे लक्ष सगळ्यांचंच असतं. प्रश्न आहे तो कुठून बघायचं याचा.

इथे मला समर्थ आठवतात. 'मनाच्या श्लोकां'ची संख्या २०५. लहानपणी आपण ते पाठ करतो आणि त्यातला उपदेश तेवढा ध्यानात ठेवतो. रचनेतली गंमत निसटते. समर्थ मनाला समोर बसवतात. कधी गोंजारतात, कधी दटावतात, पण बोलतात ते त्याच्याशी, त्याच्या आतून नव्हे. तुकोबांचंही तसंच. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव यावं ही रूढ पद्धत खरी. पण ज्या अभंगांत ते स्वतःचीच झाडाझडती घेतात तिथे ती नाममुद्रा वेगळंच काम करते. चुकणारा तुका आणि त्याला पाहणारा तुका यांच्यात थोडी फट पडते. (अभ्यासक याला ओढाताण म्हणतील. म्हणोत.)

मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच फटीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. परीक्षकांसमोर भाषण करायचं, तयारीला जेमतेम पाच मिनिटं. काहींना मनातल्या मनात 'मी' म्हणून विचार करायला सांगितलं, काहींना स्वतःचं नाव घेऊन. नाव घेणाऱ्यांचं भाषण सरस झालं आणि नंतर 'काय शोभा करून घेतली!' अशी चुटपुटही त्यांना कमी लागली.

मात्र हातभर दूर होणं म्हणजे पळून जाणं नव्हे. 'झालं ते झालं, सोडून द्या' हे आपल्याकडचं लाडकं औषध दुःखाला नुसतं झाकून ठेवतं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग यासाठी महत्त्वाचा. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या एखाद्या आघाताबद्दल लिहायचं. ज्यांनी घटना आणि त्यावेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून उठल्यावर जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा कमी झाल्या. गट लहान होता, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. तरी 'लगेच हलकं वाटेल' असं सांगून शिबिरांची फी घेणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही.

आणि काही दुःखं मनात उगवतच नाहीत. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला किंवा सावकाराने दारात ठाण मांडलेल्या शेतकऱ्याला आत्मभान शिकवायला जाणं हा क्रूर विनोद आहे. तिथे आधी पोलीस ठाणं, वकील, माहेरचं एखादं उघडं दार, कर्जाची फेरमांडणी. स्वतःकडे नीट पाहणाऱ्याला आपल्या दुःखातला बाहेरून आलेला वाटा किती, हेही दिसायला हवं. नाहीतर तो वाटाही माणूस स्वतःच्याच खात्यावर मांडत राहतो.