दारापर्यंतची सोबत



आठ वर्षांपूर्वी आमच्या कळवण तालुक्यातल्या एका सप्ताहात काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. आश्रमशाळेत शिकलेल्या, पाड्यावरच्या एका मुलाला त्या साली पुण्याच्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आईबाप मजुरी करणारे. मी त्याला उभे केले, घरचे दारिद्र्य रंगवून सांगितले, हार घातला, झोळी फिरवली. पैसे चांगले जमले. खरे सांगतो, कीर्तनही रंगले.

दुसऱ्या वर्षी तो कॉलेज सोडून परत आला. चार महिने मला तोंड दाखवले नाही. शेवटी मीच पाड्यावर गेलो. म्हणाला, "महाराज, दोन विषय राहिले. शिकवणं सगळं इंग्रजीत, विचारायचं कुणाला? आणि तुम्हाला तरी कसं सांगू? सगळ्या गावादेखत हार घातला होता तुम्ही."

दिले मी, आणि ओझे झाले त्याला. याला दान म्हणावे का, माउली?

चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. दारापर्यंत येऊ देणे वेगळे आणि आत आपले म्हणणे वेगळे, हे वारकऱ्याला सांगायला नको. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. आपल्याच जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. एकदाच हार घालून ते मोकळे झाले नाहीत.

आज वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांना शासनाच्या 'स्वयम्' योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. चांगलेच आहे. पण शेजारी बसून समजावणार कोण?

दिंडीत नवा टाळकरी आला की आपण त्याला दोन जाणत्यांच्या मध्ये उभा करतो. पावली चुकली म्हणून कुणी भजन थांबवत नाही, त्याला बाहेरही काढत नाही. दोन-तीन मुक्कामांत त्याचे पाऊल आपोआप पडू लागते.

गेल्या वर्षी तालुक्यातली एक मुलगी नाशिकला मेडिकलला लागली. या वेळी झोळी नाही, हार नाही. चौघांनी गुपचूप फी भरली. आधी शोधली ती तिच्याच कॉलेजातली, सुरगाण्याकडची तिसऱ्या वर्षाची मुलगी. दोघी आता एका खोलीत राहतात. नापास झालीस तर आधी मला फोन कर, एवढेच मी तिला सांगितले आहे.

तो मुलगा हल्ली कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. बाजारात भेटला की पाया पडतो. आपल्या रीतीप्रमाणे मीही वाकतो, तर तो चटकन पाय मागे घेतो.