किल्ली लावू नका

नागपूर

चि. मृणाल,

फोनवर तू आधी गाडीचं बोललीस, मग भिंतीचं, मग पुन्हा गाडीचं. म्हणून लिहूनच पाठवतो. जबलपूरच्या राइट टाऊनमधल्या घराची पॉलिसी वेगळी, गाडीची वेगळी. अर्ज दोन, क्लेम नंबर दोन. नाल्याच्या पुरात भिंत गाडीवर कोसळली म्हणून दोन्ही एकाच अर्जात कोंबू नकोस.

जावईबापूंना सर्वांत आधी सांग, गाडीला किल्ली लावू नका. ‘सुरू होते का बघू’ हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड दिसला की विमा कंपनीचा सर्व्हेअर ओळखतो, पाण्यातच कुणीतरी स्टार्टर मारला. मग सीट, वायरिंग, गालिचा यांचे पैसे मिळतात आणि इंजिनाचा मोठा खर्च अंगावर येतो. पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ जोडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते कागदावर बघ, एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. बॅटरीची तार सोडवायला लाव आणि गाडी टोचन करून गॅरेजला ने. कंपनीला कळवण्याआधी मात्र एक नटही खोलू द्यायचा नाही.

गाडी धुऊही नकोस. दाराच्या आतल्या अस्तरावर चिखलाची रेघ उमटली असेल, तीच तुझी साक्षीदार. नंबरप्लेट, ती रेघ, किलोमीटरचा आकडा, सीटखालचा ओला गालिचा, पडलेल्या विटा या सगळ्यांचे फोटो काढ. नाल्याचं पाणी फाटकापाशी कुठवर चढलं होतं तेही घे.

फॉर्मवर ‘नुकसान कसे झाले’ असा रकाना असतो. माझी नोकरी असल्या रकान्यांत गेली. चार ओळी पुरतात: तारीख, वेळ, गाडी कुठे उभी होती, पाणी किती चढलं. शेजारपाजारचे जाणते सल्ला देतील की मागच्या खोलीची भेगही यातच लिहून टाका. ती भेग 22 मे 1997 च्या भूकंपाची आहे, हे तुलाही ठाऊक आहे आणि सर्व्हेअरला पाहताक्षणी कळेल. जुन्या भेगेच्या आत रंग उतरलेला असतो, कोळिष्टकं असतात. ताजी भेग स्वच्छ असते. एक खोटं सापडलं की कंपनीला सगळाच क्लेम नाकारायची वाट मोकळी होते. चार हजारांच्या लोभापायी लाखाला मुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्या भूकंपाचं निघालंच म्हणून सांगतो. 5.8 तीव्रतेचा तो धक्का, कोसमघाट गावाची तर दैना झाली. आमच्या विमा ऑफिसच्या काऊंटरवर लोक घरच्या पॉलिसी उलगडून उभे राहिले. आगीचा विमा होता, पण भूकंपाचे जादा पैसे भरलेलेच नव्हते. तुझी घराची पॉलिसी मात्र ‘भारत गृह रक्षा’ आहे. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या या पॉलिसीत भूकंप, पूर, वादळ मुळातच धरलेले आहेत, आणि घराच्या व्याख्येत कंपाउंडची भिंत आणि फाटकही येतं. भिंत पुन्हा बांधायचा खर्च गवंड्याकडून लिहून घे. त्यात जागेची किंमत धरायची नसते. पाया आधीच खचला होता असं सर्व्हेअर म्हणाला तर हुज्जत घालू नकोस, पावसाळ्याआधीचे फोटो दाखव. दिवाळीच्या फोटोत मागे ती भिंत उभी असणारच.

पूर्ण पैसे मिळतील या भ्रमात राहू नकोस. गाडीच्या पॉलिसीत ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नसेल तर रबर-प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर निम्मे कापतात, काचेवर काही नाही. तुझ्या छोट्या गाडीवर सक्तीचे हजार रुपये तुझ्याच खिशातून जातील. गाडी तुम्ही गेल्या वर्षी जुनी घेतली, तेव्हा आरसीबरोबर पॉलिसीही नावावर करून घेतली ना? नसेल तर मला आधी कळव, कारण खरी अडचण तिथे आहे. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावाची असली तर त्रयस्थाला झालेल्या नुकसानीचं कवच कायद्याने चालू राहतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नसतं.

कळवायला उशीर झाला म्हणून संकोचून बसू नकोस; रस्ते बंद होते, वीज नव्हती, हे लिही. कंपनीशी बोलणं सगळं ईमेलवर ठेव. फोन केलास तरी मागोमाग ‘आपल्या बोलण्यानुसार’ म्हणून चार ओळी पाठव. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत माग. तो नेमलेला कंपनीने असला तरी परवाना सरकारी नियामकाचा असतो, त्यामुळे त्याच्याशी आदराने पण ठामपणे बोल.

कमी रक्कम देऊन ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली तर करू नकोस, आधी लेखी तक्रार दे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जा. नकारापासून वर्षभराची मुदत असते; फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आज संध्याकाळी दोन्ही पॉलिसींची पानं, अगदी बारीक अक्षरांची सुद्धा, मोबाईलवर पाठव. माझा नवा चष्मा झालाय. मामी विचारते आहे, देवघरातलं सगळं कोरडं राहिलं ना?

तुझा
वसंतमामा