पंखा कुठाय?

१९८३च्या एप्रिलात मी केलेली पंख्याची जाहिरात हे माझ्या मते माझं तोवरचं सगळ्यात देखणं काम होतं. तीन कॉलम, वीस सेंटिमीटर. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून उपयोजित कला शिकून बाहेर पडल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि डोक्यात मोकळ्या जागेचं खूळ होतं. सूरसागरावरची संध्याकाळ, काठावर पाठमोरी बसलेली एक बाई, तिचा उडता पदर, आणि खाली कोपऱ्यात बारीक टायपात पंख्याचं नाव. मांडवीतल्या दुकानदारशेठनी कात्रण दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "फोटो तो सरस छे, भाई. पण पंखो क्यां?"

त्यात छपाईनंही हात दिला नाही. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो आणि स्क्रीन जाड असतो, हे वर्गात लिहून घेतलं होतं, तरी संध्याकाळच्या करड्या छटांचा मोह सुटला नव्हता. त्या सगळ्या मिळून एक काळा डाग झाला आणि पदर त्यात बुडाला. आठवडाभरात जाहिरात बघून दुकानात एकच माणूस आला. त्याला फोटोग्राफरचा पत्ता हवा होता.

दांडिया बाजारातल्या घरी रात्री जेवताना हे सांगितलं. माझे वडील, अण्णा, याज्ञिकी करत, पण जीव मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात. त्या शास्त्रातल्या शाबरभाष्याचं गंगानाथ झांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आमच्याच गावच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९३३ ते ३६ या काळात तीन खंडांत निघालं, याचा त्यांना घरच्या कार्यासारखा अभिमान होता. त्यांनी कात्रण पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तुझा अर्थवाद सुटा पडलाय रे."

मग हात वाळेपर्यंत पाटावरच शिकवणी. वेदात विधी असतो, म्हणजे अमुक कर. आणि अर्थवाद असतो, म्हणजे स्तुती किंवा निंदा. वेद जर काय करावं ते सांगायला आहे, तर काहीच करायला न सांगणारी ही वाक्यं हवीत कशाला, ही शंका जैमिनींनी मीमांसासूत्रांच्या पहिल्याच अध्यायात घेतली आहे. तिथलं नेहमीचं उदाहरण, योगायोग बघा, वाऱ्याचं. ऐश्वर्य हवं असेल त्यानं वायूसाठी याग करावा, हा विधी. त्याला लागूनच येतं की वायू हा सगळ्यांत वेगवान देव. आता या माहितीचं करायचं काय? मीमांसक म्हणतात, एकटीचं काहीच नाही. पण विधीला जोडून दोन्हींचं एक वाक्य केलं, की देव चपळ म्हणजे फळही लवकर, असं मनात येतं आणि माणूस उठतो. या ओढ लावण्याला ते प्ररोचना म्हणतात आणि जोडणीला एकवाक्यता.

"तुझी बाई म्हणजे स्तुती," अण्णा म्हणाले, "आणि पंखा म्हणजे विधी. दोघांची ओळखच करून दिली नाहीस."

कॉलेजात तोल, ग्रिड, अक्षरवळण सगळं शिकलो, पण दोष इतका नेमका कुणी दाखवला नव्हता. दुसऱ्या खेपेला फोटो काढून टाकला. ब्रशनं डाव्या हाताला पंखा काढला आणि मथळ्याची अक्षरं त्याच्या झोतात तिरपी होत होत उजव्या कडेला पार आडवी केली. किंमत ठळक, पत्ता ठळक. शेठनी या वेळी काही विचारलं नाही. गिऱ्हाइकांनी किंमत विचारली.

इथवर सोपं होतं. पेच पुढे आहे. मीमांसकांच्या लेखी स्तुती स्वतः खरी असायलाच हवी असं नाही; तिचं काम विधीकडे ढकलण्याचं. यज्ञाच्या खांबाला सूर्य म्हटलं, तर ते उघडच लाक्षणिक, तो गुणवाद. अग्नी थंडीवर उपाय आहे हे सगळ्यांना ठाऊकच, तो अनुवाद. आणि जे खोटं ठरवता येत नाही, पण पडताळताही येत नाही, ते भूतार्थवाद: इंद्रानं वृत्रावर वज्र उगारलं. मला हे वर्गीकरण फार आवडलं, कारण यात धंद्याची सोय होती. त्याच वर्षी एका केशतेलाचं काम आलं. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. माणूस एकच, दुपारही एकच. एकदा दिवा डोक्यावर धरला, एकदा समोर. औषधांच्या चमत्कारिक दाव्यांसाठी १९५४चा कायदा आहे, पण हे तर नुसतं तेल, अशी मी मनाची समजूत घातली. अण्णांना म्हटलं, हा माझा भूतार्थवाद.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "वेदाला ती मुभा आहे, कारण वेद अपौरुषेय. बोलणाराच कुणी नाही, तर बोलणाऱ्याचा लोभ यायचा कुठून? तुझ्या वाक्यामागे गल्ला आहे."

मी तेव्हा तिखट होतो. विचारलं, "आणि सत्यनारायणाची फलश्रुती? कथा तुम्ही सांगता, दक्षिणाही तुम्हीच घेता."

अण्णा बराच वेळ ताटात रेघोट्या ओढत राहिले. मग म्हणाले, "त्या कथेतसुद्धा वाणीच आहे." त्यावर आजही मला धड उत्तर सुचत नाही. तेल मात्र पुन्हा घेतलं नाही. पंखे, कुकर, साड्या यांवर संसार चालला.

राहिली कॅलेंडरं. राजा रविवर्म्यानं इथल्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रं काढली, १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्यांच्या पायाशी दुकानांची नावंही लवकरच आली. पंखेवाल्या शेठनाही पुढच्या साली तेच हवं होतं. मी एकवाक्यतेचं पालुपद लावलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि लक्ष्मीच छापायला सांगितली. वर्षभर भिंतीवर राहते, भाई.

राहिली खरी. वर्ष संपल्यावर आईनं ते कॅलेंडर उतरवलं. देवीला केरात कसं टाकायचं? तिनं कात्री घेतली, जमिनीवर बसली आणि कमळाच्या पाकळीला धक्का न लावता खालची पट्टी सरळ कापून काढली. लक्ष्मी चौकटीत गेली. मी हातानं काढलेलं पंख्याचं नाव सकाळी बंबात गेलं.