व्यसनी माणसाचा दोष किती?

फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं. बाजारात या अमली पदार्थाला ‘एमडी’ म्हणतात. ते बनवणाऱ्या-विकणाऱ्याच्या अपराधाबद्दल दुमत असायचं कारण नाही. दुसऱ्याचं आयुष्य पोखरून तो पैसा करतो, तेही पूर्ण शुद्धीत. पेच पडतो तो पुडी विकत घेणाऱ्या विशीतल्या पोरापाशी. त्याला पापी म्हणायचं, गुन्हेगार म्हणायचं की आजारी?

१९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात याची दोन उत्तरं शेजारी शेजारी सापडतात. कलम २७ प्रमाणे सेवन हाही गुन्हाच. हेरॉइन किंवा कोकेन घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम ६४-अ मात्र स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून वाचवतं. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढूनही घेता येतं. म्हणजे कायदा त्याच्यावर दया करतो, पण त्याची जबाबदारी माफ करत नाही.

धर्मविचारात हा प्रश्न फार जुना आहे. बौद्ध पंचशीलातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, आणि त्याचं कारणही त्यातच सांगितलंय: नशेनं माणूस बेसावध होतो. बेसावध माणसाच्या हातून बाकीची चारही शीलं मोडायला वेळ लागत नाही. हे शील कुणी लादत नाही, ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं उच्चारून ते घ्यायचं असतं. ऑक्टोबर १९५६मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

पण प्रतिज्ञा करायला जो निश्चय लागतो, तोच व्यसन आधी खाऊन टाकतं. अशा मुलाला ‘मनावर घे’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणणं.

हा निश्चय पुन्हा उभा करता येतो, हे पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं दाखवलं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, लाटेत तरुण पोरं वाहून जात होती, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी हे केंद्र सुरू केलं. तिथून बरे झालेले कित्येक जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. कालपर्यंत ज्याच्यावर घरानं विश्वास टाकला नव्हता, त्याच्या हाती दुसऱ्या रुग्णाची जबाबदारी आली.

घरोघरी मात्र अजून लपवालपवीच चालते. लोक काय म्हणतील, बहिणीचं लग्न कसं जमेल, या धास्तीनं वडील मारतात, आई गुपचूप पैसे देते आणि शेजारी ‘गर्दुल्ला’ म्हणून मोकळे होतात. ज्याच्यापुढे काही लपवावं लागत नाही, असा एकच माणूस त्या मुलाला उरतो: पुडी विकणारा. त्याचं हे गिऱ्हाईक तोडण्यात पोलिसांच्या छाप्याइतकाच वाटा घरच्यांचा आणि कॉलेजांचाही आहे. मुलाचं व्यसन कळल्या दिवशीच त्याला डॉक्टरकडे नेणं आणि कलम ६४-अ काय देतं हे त्याला सांगणं, इथून त्यांना सुरुवात करता येईल.